फुजीफिल्म एक्स१००व्हीआय हातात आल्यावर: पहिल्या काही दिवसांत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

एक्स१००व्हीआय नव्याने घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. दुपारच्या उन्हात फोटो पांढरे पडतात, संध्याकाळी कारण नसताना नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, येतो, फोकस माणसावर न बसता मागच्या भिंतीवर बसतो, आणि शेवटी ‘यापेक्षा मोबाइल बरा होता’ हे वाक्य येतं. कॅमेऱ्यात दोष असल्याची उदाहरणं त्यात फार थोडी. बहुतेकांचा क्रम चुकलेला असतो. खोकं उघडलं की लोक आधी इंटरनेटवरच्या रंगांच्या रेसिपी भरतात, मग बाहेर पडतात, आणि तपासणी राहून जाते. पुढे खरंच एखादा दोष निघाला, तर तोवर दुकानाची बदलून देण्याची मुदत उलटलेली असते.

म्हणून इथे क्रमालाच महत्त्व दिलं आहे. आधी तपासणी, मग डायल, मग सेटिंग, आणि रंगांचा विचार सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याबद्दलचं मतही त्यानंतरच बनवावं. हा साधासुधा कॉम्पॅक्ट नाही. एपीएस-सी आकाराचा ४०.२ मेगापिक्सेलचा सेन्सर, न बदलता येणारी २३ मिमी एफ/२ लेन्स आणि झूम अजिबात नाही. या तिन्ही गोष्टींचा परिणाम पुढच्या प्रत्येक टप्प्यावर दिसेल.

## कॅमेरा येण्याआधीची तयारी

कार्ड. कॅमेऱ्यात एकच एसडी स्लॉट आहे आणि तो यूएचएस-१ जातीचा आहे. महागडं यूएचएस-२ कार्ड चालेल, पण जास्तीचा वेग मिळणार नाही, पैसे मात्र जातील. चांगल्या कंपनीचं व्ही३० कार्ड, ६४ किंवा १२८ जीबी, एवढं पुरे. एकाच मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं घ्या.

बॅटरी. एनपी-डब्ल्यू१२६एस ही बॅटरी लागते. कंपनीचा आकडा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर वापरल्यास सुमारे ४५० फोटो असा आहे. स्क्रीन आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सतत वापरले तर तो बराच खाली येतो. दिवसभर बाहेर राहणार असाल तर दुसरी बॅटरी हवीच, आणि ती मूळ कंपनीचीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्तातली बॅटरी फुगून आत अडकली तर ती काढायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

रिंग आणि फिल्टर. कॅमेरा नुसता घेतला तर तो पाणी-धुळीपासून पूर्ण सुरक्षित नसतो. लेन्सच्या तोंडाशी एआर-एक्स१०० ही अडॅप्टर रिंग आणि त्यावर पीआरएफ-४९ हा संरक्षक फिल्टर लावल्यावरच ते संरक्षण पुरं होतं. तुम्ही कोकणात राहत असाल किंवा जून-जुलैत बाहेर फिरणार असाल, तर हे दोन्ही कॅमेऱ्यासोबतच मागवा.

कॉम्प्युटरवरची जागा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवले तर एका फोटोला सहज ५०-६० एमबी लागतात. शिवाय तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर फार जुनं असेल तर या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यात उघडणारच नाही. हे आधी बघून ठेवा.

## टप्पा १: खोकं उघडताना

१. खोक्यावरचा सिरियल नंबर, कॅमेऱ्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर, तिन्ही जुळवून बघा. तिघांचा एकत्र फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

२. वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. बाहेरून आणलेला कॅमेरा स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. लेन्स कायमची जोडलेली असल्यामुळे इथे वॉरंटीला जास्त किंमत आहे. साधं धुळीचं काम निघालं तरी कॅमेरा उघडावा लागतो.

३. खोकं, पिशव्या, कागद काहीही टाकू नका. बदलून घ्यायची वेळ आली तर सगळं लागतं.

इशारा: स्क्रीन प्रोटेक्टर, लेदर कव्हर, अंगठ्याचा टेकू यातलं काहीही टप्पा ३ पूर्ण होईपर्यंत लावू नका.

## टप्पा २: बॅटरी, कार्ड, तारीख, फर्मवेअर

बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबी-सी केबलने चार्ज होते. कॅमेरा बंद ठेवून केबल लावा. दिवा लागलेला असेल तोवर चार्जिंग चालू आहे, विझला की पूर्ण झालं, आणि लुकलुकत असेल तर काहीतरी गडबड आहे. बॅटरी आत घालताना जोर लावावा लागला तर ती उलटी धरली आहे. नीट बसली की खिट्टी आपोआप अडकते.

त्यानंतर असं करा:

१. सुरू करताना तारीख-वेळ अचूक भरा. वेळ चुकली की पुढे मोबाइल आणि कॅमेऱ्याचे फोटो एकत्र लावताना सगळा क्रम विस्कटतो.

२. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर केलेलं फॉरमॅट पुरेसं समजू नका.

३. फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती बघा. डिस्प/बॅक बटण दाबून धरून कॅमेरा सुरू केला की ती दिसते. कंपनीच्या संकेतस्थळावर नवी असेल तर फाइल कार्डच्या मुळाशी ठेवा, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, आणि पूर्ण चार्ज बॅटरीवर अपडेट करा.

इशारा: अपडेट चालू असताना कॅमेरा बंद करू नका, बॅटरीचं झाकण उघडू नका. अर्धवट राहिलेलं अपडेट कॅमेरा निकामी करू शकतं.

## टप्पा ३: दोष आहे का, ते आजच बघा

हा टप्पा लोक वगळतात, आणि पुढे पस्तावण्याची वेळ येते ती बहुधा यामुळेच. सगळ्या सेटिंग अजून कंपनीच्याच आहेत, त्यामुळे जे दिसेल त्याचं कारण शोधणं आत्ता सोपं आहे. तासाभराचं काम आहे.

लेन्सची चाचणी. दीड मीटर अंतरावरून या लेन्सला साधारण दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढा भाग दिसतो. भिंतीवर तेवढ्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत वर्तमानपत्राचं एकेक पान चिकटवा, मधोमध एक लावा. बारीक टायपाची पानं घ्या, जाहिरातींची नकोत. कॅमेरा स्टुलावर किंवा ट्रायपॉडवर भिंतीशी समांतर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि मधल्या पानावर फोकस करून अॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/२, एफ/४, एफ/८ ठेवून असे तीन फोटो काढा.

आता मोठं करून कोपरे बघा. एफ/२ ला चारही कोपरे मधल्या पानापेक्षा जरा मऊ असतील, ते चालतं. एफ/८ ला चारही कोपऱ्यांतली अक्षरं जवळपास सारखी वाचता आली पाहिजेत. एकच कोपरा धूसर दिसला तर लगेच लेन्सला दोष देऊ नका, कॅमेरा भिंतीला किंचित तिरका असू शकतो. त्यावर सोपा उपाय आहे. कॅमेरा उलटा धरून, म्हणजे वरची बाजू खाली करून, तसाच फोटो पुन्हा काढा. आधीचंच पान पुन्हा धूसर आलं तर मांडणी तिरकी होती. धूसरपणा त्याच्या कर्णावरच्या समोरच्या पानावर सरकला तर दोष लेन्सचा आहे, आणि कॅमेरा बदलून मागायला ते पुरेसं कारण आहे.

धुळीची चाचणी. एफ/१६, मॅन्युअल फोकस, एक्स्पोजर +१. स्वच्छ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो घ्या. काळपट ठिपके दिसतात का बघा. लेन्स निघत नसल्याने आतली धूळ तुम्हाला साफ करता येणार नाही. नव्या कॅमेऱ्यात ठळक ठिपका दिसला तर दुकानात परत न्या.

पिक्सेल. लेन्सला टोपी लावून, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ठेवून काही सेकंदांचा एक फोटो घ्या. एखाद-दोन रंगीत ठिपके दिसले तर मेन्यूतलं पिक्सेल मॅपिंग चालवा. बहुतेक वेळा ते तिथेच जातात.

डायल आणि बटणं. प्रत्येक डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फ्लॅश एकदा उडवा, स्क्रीन वर-खाली वाकवून बघा, व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर स्क्रीन बंद होते का तेही बघा.

काही गोष्टी दोष वाटतात, पण नसतात. कॅमेरा बंद असताना हलवल्यावर आत काहीतरी सुटं असल्यासारखं वाटतं. सेन्सर हलवून हात स्थिर करणारी यंत्रणा मोकळी असते, त्याचा तो आवाज. उजेडाकडून सावलीकडे वळवताना बारीक टकटक ऐकू येते, ती अॅपर्चरच्या पात्यांची. आणि लेन्समधलं लीफ शटर इतकं हळू वाजतं की फोटो निघाला की नाही असा प्रश्न पडतो. फोटो निघालेला असतो.

तपासा: इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच पुढे जा. शंका असेल तर चाचणीचे फोटो जपून ठेवा, दुकानदाराशी बोलताना तेच कामी येतात.

## टप्पा ४: चार डायल, एकेक करून

या कॅमेऱ्यावर मोड निवडायची वेगळी चकती नाही. पी, ए, एस, एम अशी अक्षरं शोधत बसू नका. लेन्सवरची अॅपर्चर रिंग आणि वरचा शटर डायल, दोन्हींवर ‘ए’ आहे. दोन्ही ‘ए’ वर असले की कॅमेरा सगळं स्वतः ठरवतो. अॅपर्चर तुम्ही ठरवलं आणि शटर ‘ए’ वर ठेवलं की अॅपर्चर प्रायॉरिटी झाली. शटर तुम्ही आणि अॅपर्चर ‘ए’ वर, की शटर प्रायॉरिटी. दोन्ही हातात घेतले की मॅन्युअल. आयएसओ डायल शटर डायलच्या आतच आहे. बाहेरची कड वर उचलून फिरवली की आयएसओ बदलतो.

शिकायचा क्रम असा ठेवा:

१. पहिल्या दिवशी शटर ‘ए’, आयएसओ ‘ए’ आणि फक्त अॅपर्चर रिंग फिरवा. घरातल्या एकाच खिडकीपाशी बसलेल्या माणसाचे फोटो एफ/२ पासून एफ/११ पर्यंत काढा.

२. मग फोटो उजळ-गडद करणारा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा डायल घ्या. काळ्या साडीतल्या किंवा पांढऱ्या धोतरातल्या माणसाचा फोटो सरळ काढला की काळं राखाडी होतं आणि पांढरं मळकं. काळ्याला उणे, पांढऱ्याला अधिक. हा डायल अंगठ्याला लागायची सवय झाली की अर्धा कॅमेरा आला असं समजा.

३. शटर डायल शेवटी. धावणारी मुलं, रिक्षा, पाणी यांच्यासाठी तो लागेल.

नेहमीची चूक: कॅमेरा पिशवीतून काढता-घालता एक्स्पोजरचा डायल सरकतो आणि +१ वर राहतो. बाहेर पडल्यावर पहिली नजर त्यावरच गेली पाहिजे. मागच्या बाजूला अंगठ्याजवळ असलेलं झटपट मेन्यूचं क्यू बटणही चुकून दाबलं जातं. त्याचा फार त्रास झाला तर मेन्यूतून ते काम दुसऱ्या बटणाला द्या.

## टप्पा ५: पायाच्या सेटिंग

इथे रेसिपी नाहीत. रंगाला हात न लावता एवढंच करा.

फाइल. फाइन जेपेग आणि रॉ दोन्ही ठेवा. रॉ लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवा. अनकॉम्प्रेस्ड ठेवून जागा जाते, डोळ्याला फरक दिसत नाही. फिल्म सिम्युलेशनचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या तयार रंगछटेचा, रंग जेपेगमध्ये कायमचा उतरतो, रॉ मात्र कोरा राहतो, आणि नंतर कॅमेऱ्यातच रॉ कन्व्हर्जन करून दुसरा रंग काढता येतो. म्हणूनच रॉ जवळ असेल तर रंगाची घाई करायचं कारण नाही. डिजिटल टेलिकन्व्हर्टरने ५० किंवा ७० मिमीसारखी चौकट मिळते, ती मुळात कापलेली चौकट असते. ७० ला साधारण १० मेगापिक्सेलच उरतात.

ऑटो आयएसओ. कॅमेऱ्यात ऑटोचे तीन संच भरता येतात. पहिला रोजचा ठेवा: कमीत कमी १२५, जास्तीत जास्त ६४००, शटर १/१२५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. दुसरा घरातल्या लहान मुलांसाठी: शटर १/२५०, वरची मर्यादा १२८००. तिसरा स्थिर गोष्टींसाठी: १/३०. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन सहा स्टॉपपर्यंतचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) म्हणून सांगितलं जातं, पण ते तुमच्या हाताचं कंपन थांबवतं. समोरच्या मुलाने मान हलवली तर ती हललेलीच येणार. ४० मेगापिक्सेलची फाइल पूर्ण मोठी करून बघितली की असा बारीक हललेपणाही उघडा पडतो, आणि लोक त्याला लेन्स मऊ आहे म्हणतात.

डायनॅमिक रेंज. ही सेटिंग उजळ भागातला तपशील वाचवते, पण डीआर२०० साठी आयएसओ किमान २५० आणि डीआर४०० साठी किमान ५०० लागतो. ‘उजेड असून आयएसओ १२५ वर का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच असतं. सुरुवातीला डीआर१०० ठेवा.

शटरचा प्रकार. सुरुवातीला फक्त मेकॅनिकल ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर १/१,८०,००० सेकंदापर्यंत जातं, ऐकायला छान वाटतं, पण चालत्या गाड्या वाकड्या येतात आणि एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मांडवात किंवा हॉलमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅशही उडत नाही. फ्लॅश उडत नसेल तर शटरचा प्रकार आणि ‘साउंड अँड फ्लॅश ऑफ’ ही सेटिंग, दोन्ही बघा.

एनडी फिल्टर. कॅमेऱ्यात उजेड कमी करणारा चार स्टॉपचा एनडी फिल्टर आहे. त्याला एखादं सोयीचं बटण द्या. का, ते पुढच्याच टप्प्यात कळेल.

तपासा: सगळं लावून झाल्यावर ही अवस्था एका कस्टम संचात साठवा. पुढे कितीही गोंधळ झाला तरी इथे परत येता येईल.

## टप्पा ६: दुपारचं ऊन आणि एफ/२

यावर स्वतंत्र टप्पा दिला आहे, कारण सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात.

लखलखीत उन्हात आयएसओ १२५ ठेवला तर एफ/१६ ला १/१२५ हे शटर योग्य बसतं. एफ/१६ वरून एफ/२ वर येणं म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड. म्हणजे शटर १/८००० हवं. मेकॅनिकल शटरची कमाल मर्यादा १/४००० आहे. कॅमेरा तिथे अडतो, शटरचा आकडा लाल होतो, आणि फोटो एका स्टॉपने पांढरा येतो. त्यात डीआर४०० लावलेला असेल तर आयएसओ ५०० होतो, आणि हिशेब १/३२००० वर जातो. मग चेहऱ्यावरचा तपशील पूर्ण जातो.

एनडी चालू केला की १/८००० चं १/५०० होतं आणि सगळं आवाक्यात येतं. डीआर४०० वरही १/२००० वर भागतं.

दुसरं टोक तितकंच त्रासाचं. एनडी चालू राहतो, ऊन उतरतं, आणि सोळा पट उजेड कमी मिळत असल्यामुळे आयएसओ चढत जातो. जिथे ४०० पुरला असता तिथे ६४०० लागतो. ‘संध्याकाळी नॉइज येतो’ ही तक्रार आली की मी आधी स्क्रीनवरचं एनडीचं चिन्ह बघायला सांगतो.

नियम: शटरचा आकडा लाल दिसला की एनडी चालू. आयएसओ १६०० च्या वर गेला की एनडी बंद आहे ना ते बघा.

## टप्पा ७: व्ह्यूफाइंडर

आधी डोळ्याचा नंबर जुळवा. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर लावून त्यातले आकडे धारदार दिसेपर्यंत शेजारचा डायॉप्टर डायल फिरवा. हे चित्रावर बघून करू नका, अक्षरांवर बघून करा. चष्मा लावून फोटो काढणार असाल तर चष्म्यासकट करा.

समोरच्या लिव्हरने ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक यांत अदलाबदल होते. ऑप्टिकलमध्ये तुम्ही लेन्समधून बघत नसता, शेजारच्या खिडकीतून बघत असता. त्यामुळे तीन गोष्टी लक्षात ठेवा. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात लेन्सचा भाग आड येतो. सगळंच स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोकस चुकला तरी डोळ्याला कळत नाही, हिरवी चौकट आली का हाच पुरावा. आणि जवळच्या वस्तूला चौकट सरकते, म्हणून ‘करेक्टेड एएफ फ्रेम’ चालू ठेवा.

पहिले काही दिवस इलेक्ट्रॉनिकच वापरा असं मी सुचवतो. एक्स्पोजर बदलल्याचा परिणाम समोर दिसतो, त्यामुळे टप्पा ४ लवकर अंगवळणी पडतो. दोन मीटरच्या आतली माणसं, ताटातलं जेवण, फुलं यांना तर नंतरही इलेक्ट्रॉनिकच बरा.

## टप्पा ८: फोकस

डाव्या बाजूला एस (एकदाच फोकस), सी (सतत फोकस), एम (हाताने फोकस) असा खटका आहे. तो पिशवीत सरकून एम वर जातो आणि लोक ऑटोफोकस बिघडला म्हणून दुकानात येतात. फोकस लागत नसेल तर पहिल्यांदा हा खटका बघा.

१. सुरुवात एस वर आणि सिंगल पॉइंटवर करा. चौकट मध्यम आकाराची ठेवा. फार मोठी ठेवली की ती जास्त ठळक भिंत किंवा खिडकी पकडते.

२. माणसांचे फोटो असतील तर चेहरा-डोळा ओळख चालू करा. पक्षी, प्राणी, गाड्या ओळखणारी सुविधा वेगळी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. ‘पक्षी’ वर राहिलेला कॅमेरा घरच्या वाढदिवसाला डोळे शोधणार नाही.

३. फोकस प्रायॉरिटी ‘फोकस’ वर ठेवा, म्हणजे फोकस लागल्याशिवाय फोटो निघणार नाही. पहिल्या दिवसांत हे उपयोगी आहे.

४. सी हा मोड वरच्या तिन्हींचा सराव झाल्यावरच.

लेन्सच्या तोंडापासून १० सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो, पण इतक्या जवळ एफ/२ ला चित्र मऊ येतं. दागिने, मोदकाच्या कळ्या, कापडाची वीण असं काही जवळून टिपायचं असेल तर एफ/४ किंवा एफ/५.६ वर या.

## टप्पा ९: पहिल्यांदा बाहेर

गर्दीचा सण, लग्न, वारी अशा ठिकाणी कॅमेऱ्याची सुरुवात करू नका. तिथले क्षण परत येत नाहीत आणि हात अजून डायल शोधत असतो. आपल्या गावची मंडई उत्तम. तिथे उन्हाचा पट्टा, गडद सावली, माणसं आणि रंग एकाच गल्लीत मिळतात.

मंडईत एक गोष्ट मुद्दाम करून बघा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा फोटो ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग सावरणारी सेटिंग) काढा, अर्थात आधी विचारून. चेहरा निळसर येतो आणि टोमॅटोचा लाल मरतो, कारण त्यांच्यावर पडणारा उजेडच निळ्या प्लास्टिकमधून गाळून आलेला असतो. तिथेच एक पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि फोटो पुन्हा काढा. चेहऱ्याचा रंग बराच मूळपदावर येतो. मात्र मागे उन्हात उभी असलेली माणसं आता पिवळट दिसतील. एका चौकटीत दोन प्रकारचा उजेड असेल तर कॅमेरा दोन्ही सावरू शकत नाही. मावशींच्या जवळ जाऊन चौकटीतून ऊन वगळणं हाच खरा उपाय आहे.

जवळ जायची सवय या लेन्सला लागतेच. झूम नसल्यामुळे सुरुवातीला सगळे फोटो रिकामे वाटतात. डिजिटल टेलिकन्व्हर्टर लावून पळवाट काढू नका. दोन पावलं पुढे जा, लोकांशी बोला, मग फोटो काढा.

फिल्म सिम्युलेशन २० आहेत. पहिल्या फेरीत एकच निवडा, शक्यतो प्रोव्हिया. रोज रंग बदलला की फोटो बिघडला तो उजेडामुळे, एक्स्पोजरमुळे की रंगामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. क्लासिक निगेटिव्ह, रिअला एस हे सगळं रॉ मधून नंतर काढून शेजारी ठेवून बघता येतं, आणि तशी तुलना जास्त शिकवते.

## टप्पा १०: पाऊस, दमट हवा, धूळ

अडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावलेले असतील तर तुषार आणि हलका पाऊस चालतो. धबधब्याखाली किंवा समुद्राच्या लाटेत कॅमेरा नेऊ नका. बॅटरीचं झाकण आणि यूएसबीचं बूच पाऊस पडत असताना उघडू नका. त्या वेळी संरक्षण संपतं. हूड लावला असेल तर आतला फ्लॅश वापरू नका, फोटोच्या खालच्या भागात त्याची सावली येते.

एसी गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत येताना लेन्सवर धुकं धरतं. ते पुसत बसू नका. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच काढा.

पावसाळ्यात कॅमेरा लेदरच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवणं ही बुरशीला दिलेली जागा आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, शक्यतो आर्द्रतामापक घाला आणि ती ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. जेलचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. या लेन्सला बुरशी लागली तर नुसती लेन्स बदलता येत नाही.

इशारा: फुंकर मारून लेन्स साफ करू नका. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर मायक्रोफायबर. सदऱ्याचं टोक कधीच नाही.

## टप्पा ११: घरी आल्यावर

१. फोटो कार्ड रीडरने उतरवा. मोबाइल अॅप एखाद-दुसरा फोटो पाठवायला ठीक आहे, शेकडो रॉ त्यातून नेऊ नका.

२. तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर प्रत करा.

३. मोठं करून बघायच्या आधी सगळे फोटो लहान आकारात एकदा बघा. मग वाईट निघालेल्यांकडे वळा आणि प्रत्येकाचा आयएसओ, शटर, अॅपर्चर वाचा. शटर १/३० असेल तर हललं. आयएसओ ६४०० आणि भर दुपार असेल तर एनडी चालू राहिला. फोकस मागे असेल तर चौकट मोठी होती किंवा चेहरा ओळख बंद होती. कारण लिहून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांत तीच दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच दोन सेटिंगकडे लक्ष द्यायचं.

४. दोन्ही प्रती उघडून बघितल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि फॉरमॅट करा. एनडी बंद, एक्स्पोजर शून्यावर, फोकसचा खटका एस वर, बॅटरी चार्जिंगला.